आपल्या बोलीचं गणगोत

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात दुपारच्या बैठकीत केलेलं भाषण. मागाहून वहीवर उतरवून दिलं.)

माझं शिक्षण चौथी. वावर आणि कीर्तन सोडून तिसरं काही मला येत नाही. तरी समितीच्या पोरांनी मला विषय दिला भाषेचा. मी म्हटलं, बापा, यासाठी एखादा प्रोफेसर बोलवा. तर म्हणे, प्रोफेसर झोपवतात, तुम्ही बोला. म्हणून उभा राहिलो. यातली जी विद्येची गोष्ट आहे ती माझी नाही. माझी नात अमरावतीला मराठी घेऊन शिकते. सुटीत आली की ती पुस्तक वाचते आणि मी गायीची धार काढता काढता ऐकतो. जे समजलं ते सांगतो.

पहिले आपल्या धंद्याचा शब्द घेऊ. शेत. आपण वऱ्हाडात वावर म्हणतो, पण सात-बाऱ्यावर शेत असतं. आणि पंढरपूरला आपण क्षेत्र म्हणतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र म्हणजे हे शरीर, आणि माउलींनी त्यावर किती विस्तार केला आहे हे तुम्ही पारायणात ऐकलं आहे. मी चाळीस वर्षं कीर्तनात सांगत आलो की शरीर हे शेत आहे, त्यात नामाचं बी पेरा. दृष्टांत म्हणून सांगत होतो. नातीनं सांगितलं, आबा, हा दृष्टांत नाही, हा शब्दच एक आहे. क्षेत्र हा शब्द हजारो माणसांच्या तोंडून शेकडो वर्षं जाता जाता छेत्त झाला आणि छेत्ताचं शेत झालं. खुरप्याची मूठ जशी हातानं झिजून गुळगुळीत होते, तसा. मग पुढे विद्वानांनी संस्कृतातला मूळ शब्द पुन्हा उचलून आणला आणि तीर्थासाठी ठेवला. म्हणजे एकाच घरातले दोघं. एक रोज उन्हात राबून काळा पडलेला, दुसरा देवघरात बसलेला.

आता हिंदीवाला काय म्हणतो? खेत. त्याच्याकडे क्षचा ख झाला, आपल्याकडे श. कोणी म्हणेल, हा योगायोग असेल. मग दुसरा शब्द घ्या. मक्षिका. हिंदीत मक्खी, आपल्यात माशी. तिसरा, कुक्षी. हिंदीत कोख, आपल्यात कूस. या तिन्ही शब्दांत जिथं त्यांचा ख तिथं आपला श नाही तर स. एकदा जुळलं तर योगायोग, तीनदा जुळलं तर गणगोत. भाषांचं नातं विद्वान असंच ओळखतात. नुसता शब्द सारखा दिसला म्हणून नाही, तर फरक जो आहे तोही एका नियमानं पडला आहे का, हे पाहतात. आपण नाही का लग्न जमवताना नाव-आडनाव सारखं आहे एवढ्यावर थांबत? मूळ गाव, देवक, मामेकूळ विचारतो.

हे शास्त्र नावारूपाला आलं ते कलकत्त्यात. १७८६ साली विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशानं तिथल्या सभेत सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा इतक्या जुळतात की त्या एकाच जुन्या भाषेच्या लेकी असल्या पाहिजेत. आपली माता, इराणातली मादर, लॅटिनमधली मातेर, इंग्रजाची मदर. आपले दश, त्यांचे देकेम, इराण्याचे दह. ज्यानं आपल्यावर राज्य केलं त्याची भाषा आपल्या भाषेची दूरची चुलत बहीण निघाली. भाऊबंदकी म्हणतात ती हीच!

पण सगळीच नाती रक्ताची नसतात. शेजारी राहून राहून काही शब्द घरचे होतात. खरीप आणि रब्बी हे दोन्ही अरबी शब्द. हंगाम फारसी, जमीन फारसी. शेतकऱ्याच्या तोंडातून हे काढून घेतले तर तो पेरणी कधी करायची ते सांगू शकणार नाही. आणि आपल्या कपाळाचं काय? अबीर हा अरबी शब्द आहे, सुगंधी चूर्णाचं नाव. गुलाल फारसीकडून आला असं सांगतात. नाथ महाराजांनी तर देवाला अर्जदस्त लिहिली, म्हणजे दरबारी अर्ज, त्या काळच्या कचेरीच्या बोलीत. विठोबाला कानडा म्हणणारे आपलेच संत. अण्णा, अक्का हे कानडीतून आले, ते आज आपल्या घरातले सगळ्यात मानाचे शब्द आहेत.

नांगराची गोष्ट मला सगळ्यात आवडली. नांगर हा संस्कृतातल्या लांगल शब्दापासून आला. लांगल ऋग्वेदात आहे. पण काही विद्वान म्हणतात की लांगल हा मुळात संस्कृतचाही नाही. पूर्वेकडे कंबोडियात ख्मेर भाषा आहे, तिच्यातला नांगराचा शब्द याच वळणाचा आहे, मलय भाषेतही तसाच. त्या ख्मेर भाषेची लांबची नातलग आपल्या शेजारी राहते. आपण अमरावती ओलांडून मेळघाटात धारणी, चिखलदऱ्याकडे गेलो की कोरकू माणसं भेटतात. त्यांची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या सख्ख्या बहिणी झारखंडात, संथाली आणि मुंडारी. म्हणजे नांगर हा शब्द अशाच एखाद्या कष्टकरी जमातीकडून वेदापर्यंत गेला असावा, असं ते मत आहे. मला ते पटतं. नांगर ज्यानं धरला त्यानंच त्याला नाव ठेवलं असणार.

आता आपल्या वाशीमकडे या. वत्सगुल्म हे जुनं नाव आणि वत्स ऋषींची कथा तुम्हाला माहीत आहे. पद्मतीर्थावर गेलेला प्रत्येक माणूस ती सांगतो. वत्सगुल्मचं प्राकृतात वच्छोम झालं, वच्छोमचं वाशीम. हा त्स कसा झिजतो पाहा. वत्सरूपचं वासरू झालं. मत्स्याचा मासा झाला. वाशीमचा व आणि गोठ्यातल्या वासराचा व एकच आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाचा कवी होऊन गेला, त्यानं वच्छोमी नावाच्या रचनेच्या रीतीचा मान राखून उल्लेख केला आहे. म्हणजे आपल्या गावच्या नावाची एक लिहिण्याची ढब होती आणि देशातले पंडित ती ओळखत होते.

इथं वाकाटकांची राजधानी होती. १९३९ साली वाशीमला ताम्रपट सापडले, दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचे. सोळाशे वर्षांच्या आसपासचे. त्यात गंमत अशी, की राजाच्या घराण्याची थोरवी संस्कृतात आणि दानाचा खरा मजकूर, कोणाला कोणतं गाव दिलं, काय माफ केलं, तो प्राकृतात. बडेजाव मोठ्या भाषेत, व्यवहार लोकांच्या भाषेत. आज तहसीलमध्ये काय वेगळं चालतं?

त्याच घराण्यातला सर्वसेन राजा कवी होता. त्यानं प्राकृतात, महाराष्ट्रीत, एक काव्य लिहिलं. नाव हरिविजय. विषय, कृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणला तो. मोठमोठ्या पंडितांनी आपल्या ग्रंथांत त्याचे दाखले घेतले, म्हणून ते होतं एवढं कळतं. पण मूळ काव्य आज कुठंच नाही. नात हे वाचत होती तेव्हा घरातल्या बाया हसल्या, म्हणे हरिविजय तर आपल्या देवळीत आहे. तो श्रीधर स्वामींचा, शके १६२४ मध्ये पंढरपुरात पुरा झालेला, चातुर्मासात आपण लावतो तो. वाशीमच्या राजाचा हरिविजय गेला आणि पंढरपूरच्या श्रीधराचा राहिला. कारण एकच. श्रीधराचा गावोगाव म्हाताऱ्यांनी वाचून घेतला. भाषा बदलली, राजाचं काव्य वाचणारं कोणी उरलं नाही, की ते गेलंच. देवाची कथा असूनही गेलं, हे लक्षात ठेवा.

प्राकृत आणि मराठी यांच्या मधली एक पिढी आहे. तिला अपभ्रंश म्हणतात. नाव वाईट ठेवलं, भाषा वाईट नव्हती. त्या भाषेतले ग्रंथ आपल्याच जिल्ह्यात कारंजाला जैन मंदिरांच्या भांडारात शेकडो वर्षं कापडात बांधून ठेवलेले होते. अमरावतीच्या कॉलेजात हिरालाल जैन नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी ते मागून घेऊन वाचले आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत कारंजाच्याच नावाच्या ग्रंथमालेत छापून निघाले. पुष्पदंत नावाच्या दहाव्या शतकातल्या कवीचं नागकुमाराचं चरित्र त्यात आहे. या ग्रंथांमुळे हे दिसलं, की संस्कृत हस्तचा हत्थ, हत्थचा हत्थु आणि मग हातु कसा झाला. ज्ञानेश्वरीत शब्दांच्या शेवटी जो उ तुम्हाला ऐकू येतो, तो तिथून आलेला आहे. कारंजाला आपण नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाला माथा टेकायला जातो. जाताना त्या भांडारांनाही हात जोडावे. आपलं काय नातं त्या धर्माशी, असं कोणी म्हणेल. आपल्या आजीची आजी त्यांनी सांभाळली, एवढं नातं पुरे आहे.

महानुभावांचंही तसंच. रिद्धपूर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. चक्रधर स्वामी मूळचे गुजरातचे, पण उपदेश मराठीत. त्यांच्यामागे नागदेवाचार्यांना एका शिष्यानं विद्वानांच्या भाषेत विचारलं, तर त्यांनी अडवलं, की अशानं माझ्या म्हाताऱ्या बायांच्या हाती काही लागणार नाही. तेराव्या शतकातली गोष्ट. पण पुढे त्याच पंथानं ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्याला ते उघडता आले नाहीत. ठेवा सुरक्षित राहिला हे खरं, पण कुलपात राहिला. यात बरं किती आणि वाईट किती, मला ठरवता येत नाही.

आता आपल्या वऱ्हाडीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथं माझं दुखतं. मी शाळेत होतो तेव्हा काळा ऐवजी काया वाचलं म्हणून छडी खाल्ली. डोळा म्हटलं नाही, डोया म्हटलं. आपल्या जिभेला ळ नाही. केळं ते केयं, जवळ ते जवय. एकदा पश्चिमेकडच्या एका मोठ्या गावात माझं कीर्तन होतं. मी मागच्या माळकऱ्यांना म्हटलं, "टाय जोरात वाजू द्या." समोरची मंडळी एकमेकांकडे पाहून हसली. त्यांना गळ्यातला टाय वाटला. मीही हसलो आणि कीर्तन पुढं नेलं. पण घरी आल्यावर नातीला विचारलं, ळ न म्हणणं ही चूक आहे का गं? तिनं मला ळची कुंडली दाखवली. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. पुढच्या संस्कृतानं तो सोडून दिला. हिंदीत नाही. मराठीनं, गुजरातीनं, मारवाडीनं ठेवला. म्हणजे कालिदासाच्या भाषेलाही ळ नव्हता. संस्कृतानं ळ सोडला तर ती शुद्ध भाषा आणि आम्ही सोडला तर अडाणी? हा कोणता न्याय?

आणि दुसरं. पुस्तकात ऐकणे असतं. आपली माणसं आयक म्हणतात. ज्ञानेश्वरी उघडा, तिथं आइकणेंच आहे. शाळेनं ज्याला गावंढळ म्हटलं ते माउलीच्या जवळचं निघालं.

पण बोली नुसती हसण्यानं मरत नाही. वस्तू गेली की शब्द जातो. आपल्या भागात सोयाबीन आलं आणि जवारी आटली. जवारीबरोबर खळं गेलं. खळ्याबरोबर तिवडा गेला, पात गेली, उफणणी गेली, वावडी गेली. मी परवा आमच्या आळीतल्या दहा-बारा पोरांना विचारलं, तिवडा म्हणजे काय? कोणालाच आलं नाही. एकानं विचारलं, "आबा, वडा म्हन्ता काय?" त्याचा दोष नाही, त्यानं तो खांब पाहिलाच नाही. चाडं, सरतं, जू, शिवळ, कासरा हे शब्द बैलजोडीबरोबर चालले आहेत. ट्रॅक्टरला शिवळ नसते. पेव तर माझ्याही लहानपणी कमी झालेलं. आता पेपरात तेवढं फुटतं, अफवांचं पेव. जमिनीतलं धान्य गेलं, म्हण उरली. भजनातले कितीक दृष्टांत या खळ्यावरचे, मोटेवरचे आहेत. पुढच्या पिढीला ते समजावायला आधी मोट समजवावी लागेल.

हे झालं शब्दांचं. अख्खी भाषा कशी जाते ते पाहायचं असेल तर लांब जायला नको. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुका आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या काही गावांत निहाल लोक राहतात. त्यांची निहाली. ही जगातली एक नवलाची भाषा आहे. आपली मराठी एका कुळातली, कोरकू दुसऱ्या, आणि यवतमाळकडची कोलामी, गोंडी या तेलुगू-कानडीच्या कुळातल्या. निहाली यातल्या कुठल्याच घरात बसत नाही. तिनं शेजाऱ्यांकडून पुष्कळ उसनं घेतलं. कोरकूचे कितीतरी शब्द आहेत, मराठीचे आहेत, दोन-तीन-चार हे आकडे द्राविडी वळणाचे आहेत. पण हे सगळं उसनं बाजूला काढलं की खाली जे उरतं ते कोणाशीच जुळत नाही. म्हणजे तिच्या घराण्यातली ती एकटीच मागे राहिली. बोलणारी माणसं दोन-अडीच हजारांच्या घरात सांगतात. सरकारी शिरगणतीत दहा हजारांच्या आतली भाषा वेगळी छापतच नाहीत, म्हणून निहालीला तिथं ओळसुद्धा नाही.

मी त्या तालुक्यात सप्ताहाला गेलो होतो. मंडपाच्या कडेला एक म्हातारबा नातवाला काही सांगत होते. मला एक अक्षर कळलं नाही. नातू मराठीत उत्तर देत होता. त्याला आजाचं सगळं समजत होतं, पण तोंडातून मराठी येत होती. मी म्हाताऱ्याला विचारलं, हा तुमच्या बोलीत का बोलत नाही? ते म्हणाले, "शाळेत पोट्टे हासतात त्याले." भाषा मरते ती अशी. माणसं मरावी लागत नाहीत. एक पिढी बोलते, दुसरीला नुसती समजते, तिसरीला समजतही नाही.

अंदमानात बो नावाची भाषा होती. ती बोलणारी शेवटची बाई, बोआ तिचं नाव, २०१० साली जानेवारीत वारली. त्याआधीची कितीतरी वर्षं तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कोणीच नव्हतं. अन्विता अब्बी नावाच्या विदुषींनी तिची बोली टिपून ठेवली म्हणून तेवढी राहिली. जगात सात हजारांच्या आसपास भाषा सांगतात. आपल्या देशात गणेश देवींच्या लोकभाषा सर्वेक्षणानं ७८० मोजल्या. मोजल्या म्हणजे वाचल्या, असं नाही.

आणि उलटं उदाहरणही आहे. हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेले रोमा लोक युरोपात फिरत राहिले. त्यांना ना राज्य, ना शाळा. पण आजही ते पाण्याला पानी म्हणतात. अगदी आपल्या वऱ्हाडी पानीसारखं. आकडे मोजताना एख, दुय, त्रिन म्हणतात. घरात, गाड्यात, चुलीपाशी बोलत राहिले म्हणून राहिली.

हे ऐकून मला आपल्या दिंडीतल्या तांड्यावरच्या बाया आठवल्या. पोहरादेवी आपल्या मानोरा तालुक्यात, सेवालाल महाराजांचं स्थान. गोरमाटी बोली ही मारवाडीच्या कुळातली. शेताला त्यांच्या तोंडी ख येतो, श नाही, आत्ता सांगितलेल्या नियमाप्रमाणे! तेलंगणातला बंजारा ती तेलुगू अक्षरात लिहितो, आपला देवनागरीत, स्वतःची लिपी नाही, घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा नाही. आपल्या दिंडीत पंचवीस-तीस वर्षं या याड्या चालतात. चालताना हळू आवाजात आपली गाणी म्हणतात आणि विणेकरी जवळ आले की गप्प होतात. कोणी गप्प करत नाही, आपणच होतात. निहालाचा तो नातू आणि या याड्या, दोघांचं एकच आहे.

आता समितीपुढचा प्रश्न. शताब्दीनिमित्त आपली भजनमालिका नव्यानं छापायची आहे. तरुण मंडळींनी लेखी सूचना दिली की जुने शब्द पोरांना कळत नाहीत, ते बदलून सोपे घालावे. जुन्यांनी म्हटलं, कानामात्रा हलली तर आम्ही दिंडी सोडू. तीन बैठका झाल्या, दोनदा आवाज चढले. माझं मत मागितलं म्हणून सांगतो.

नाथ महाराजांनी दोन्ही कामं केली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात भर घातली, चुका केल्या. शके १५०६ मध्ये नाथांनी प्रती जुळवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नका म्हणून बजावलं. आणि त्याच नाथांनी स्वतःची भारुडं बाजाराच्या बोलीत लिहिली. जोशी, गोंधळी, वासुदेव, ज्याची जशी भाषा तशी. जुनं होतं तसं ठेवलं, नवीन आपल्या काळाचं केलं. दोन्हीची सरमिसळ केली नाही. नामदेव महाराज पंजाबात गेले तेव्हा तिथल्या लोकांच्या बोलीत बोलले, म्हणून त्यांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. इथल्या अभंगांना त्यांनी पंजाबी केलं नाही.

तेव्हा पाठ जसा आहे तसाच छापा. समोरच्या पानावर शब्दार्थ द्या, मोठ्या टायपात, आणि मोट, खळं, तिवडा यांची चित्रं काढा. खर्च वाढेल, सोळा पानं जास्त लागतील, मी छापखान्यात विचारून आलो. आणि शेवटी एक भाग वऱ्हाडी भारुडांचा आणि गोरमाटी गाण्यांचा घाला. काही जण म्हणतील, तांड्याची गाणी भजनमालिकेत कशी? अबीर चालतो तर ते का चालू नये?

गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरला... नाही, त्याआधीच्या, २०२४ ला, मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. रिद्धपूरला मराठीचं विद्यापीठ त्याच वर्षी सुरू झालं. आनंदाची गोष्ट आहे, आमच्या गावात पेढे वाटले. पण पेढे वाटणाऱ्याच्याच घरी नातू इंग्रजीत आकडे मोजतो आणि सत्त्याहत्तर म्हटलं की तोंडाकडे पाहतो. हे सरकारला सांगून होणार नाही.

मी एक दोनशे पानी वही आणली आहे. ती भांडारगृहात ठेवत नाही, कुलूप नको. विण्याच्या खांबाशी ठेवतो, पेन दोरीनं बांधून. वारीच्या वाटेवर मुक्कामाला हरिपाठ झाला की अर्धा तास ज्याला जो जुना शब्द आठवेल त्यानं सांगावा. ज्याला लिहिता येतं त्यानं लिहावा, सांगणाऱ्याचं गाव लिहावं. आज रात्रीपासून सुरुवात करू. मागच्या रांगेत बसलेल्या मोठ्या याडीला मी सकाळीच विचारलं आहे. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या, पोट्टे हासले तर उठून जाईन. तेव्हा पोरंहो, कोणी हसू नका. त्यांचं गाणं झाल्यावर काकडा लवकर आहे म्हणून बैठक नऊला संपेल.

रामकृष्ण हरी.